मंडळाच्या गणपतीत अमापियानो

माझे सासरे पंचाहत्तरीला टेकल्यावर नायजेरियन पॉपच्या नादी लागले, हे मी इथल्या आमच्या मराठी मंडळातल्या एका बाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "कुठली स्टेज म्हणाले डॉक्टर?" त्यांना वाटलं, हा काहीतरी डोक्याचा आजार आहे. मी म्हटलं, "शेवटची. आता औषध नाही." त्यांनी खरंच हात जोडले हो. असल्या लोकांत राहून माणसाने विनोद तरी कशाला करावा!

बाबा आमच्याकडे आले ते कोरोनाच्या जरा आधी, तीन महिन्यांसाठी. आले म्हणण्यापेक्षा आम्ही त्यांना उचलून आणलं म्हणणं जास्त खरं. सासूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि पुण्यात बाबा एकटे, खुर्ची भिंतीकडे वळवून बसायचे. हा माणूस आयुष्यभर गाण्यात राहिलेला. सोसायटीच्या सुगम संगीताच्या ग्रुपात सासूबाई गायच्या आणि बाबा निवेदन करायचे. आमच्या लोकांत निवेदक ही काय चीज असते ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. गाणं चार मिनिटांचं, त्याच्या आधीचं बोलणं सहा मिनिटांचं. कवीला ओळ जिन्यात सुचली की मोरीत, संगीतकाराने चहा अर्धा टाकून पेटी कशी ओढली, सगळं साग्रसंगीत. लोक गाण्याला मान डोलावतात आणि निवेदनाला टाळ्या देतात. तर असे हे बाबा. सासूबाई गेल्या आणि त्यांचं गाणं बंद झालं. स्वतः लावणं सोडाच, शेजारच्या घरातून एखादी चाल आली तरी उठून आतल्या खोलीत जायचे.

मग विमानं बंद झाली. बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरातल्या, चौथ्या मजल्यावरच्या आमच्या घरात नवऱ्याचं ऑफिस बेडरूममध्ये, माझं स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आणि हॉलमध्ये बाबा. इथेही खुर्ची भिंतीकडेच. जेवण म्हणजे अर्धी पोळी चिवडायची. सदऱ्याच्या गळ्यातून हाडं दिसायला लागली. इथला हाउसआर्ट्स, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, फक्त फॅमिलीला न भेटणारा. त्याने फोनवर सल्ला दिला की पॅरासिटामॉल द्या आणि फिरायला न्या. बायको गेली, पॅरासिटामॉल! मी त्याला मराठीतून एक-दोन शब्द ऐकवले. त्याला कळले नाहीत, पण मला बरं वाटलं. मनातून मात्र मी घाबरले होते. हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत हॉलमध्ये वाळून जाणार आणि आपण मीटिंगा करत बसणार, असं मला रोज वाटायचं.

आमच्या बाल्कनीला लागून शेजारची बाल्कनी, मध्ये एक पातळसं पार्टिशन. तिथे लेगोसची एक मुलगी राहायची. माझ्यासारखीच कंपनीने बोलावलेली, एका बँकेत नोकरी. दिवसभर घरातून अत्यंत सभ्य आवाजात आकडेमोडीच्या मीटिंगा करायची आणि संध्याकाळी लॅपटॉप मिटला रे मिटला की कांदा चिरायला घ्यायची आणि मोठ्ठ्याने गाणी लावायची. एप्रिलातलं छान ऊन होतं म्हणून मी बाबांना जबरदस्तीने बाल्कनीत बसवलं होतं. पलीकडून ढोल, घुंगरासारखं काहीतरी आणि एक बाई लाडात आल्यासारखी गायला लागली. मी पळत आले. म्हटलं, झालं, आता हे उठणार. बाबा उठले नाहीत. मान जरा तिरकी करून ऐकत राहिले. मग त्यांची बोटं गुडघ्यावर हलायला लागली.

तेवढ्यात ती मुलगी पार्टिशनवरून डोकावली आणि इंग्रजीत म्हणाली, "त्रास होतोय का डॅडी? कमी करू?" त्यांच्याकडे वडीलधारा पुरुष दिसला की तो डॅडीच. बाबांनी आपल्या पुणेरी इंग्रजीत उत्तर दिलं, "नो, नो. काइंडली इन्क्रीज."

त्या रात्री बाबांनी दोन पोळ्या खाल्ल्या. वर भात मागितला. मी बेसिनचा नळ सोडून रडून घेतलं, खोटं कशाला बोलू!

पुढे त्यांची शिकवणी सुरू झाली. दोघांच्या खुर्च्यांत दीड मीटर अंतर, सरकारी नियमाला धरून, आणि मध्ये तिचा स्पीकर. लेगोसचं ॲफ्रोबीट्स, घानाचं हायलाइफ, टांझानियाचं सिंगेली. हे शेवटचं इतकं पळतं की बाबा ते बीपीची गोळी घेतल्यावरच ऐकायचे. आणि मग आलं दक्षिण आफ्रिकेचं अमापियानो. त्यावर मात्र बाबा लट्टू झाले. त्यात गाणारा कधी येतो कधी येतच नाही, पियानो आपला रमतगमत चाललेला असतो, आणि खालून पोकळ लाकडावर मूठ आपटल्यासारखा एक ठोका येतो. पोटात येतो. "अगं, समेवर येतच नाही बघ लबाड!" बाबा मला सांगायचे. "वाटतं आता आला, की हुलकावणी. आणि आपण सोडून दिलं की येतो." मला ओ की ठो कळत नव्हतं. मी मान हलवायचे, कारण ते सांगता सांगता जेवत असायचे.

पण निवेदक तो निवेदकच. ऐकून गप्प बसेल तर शपथ. बाबांनी प्रसार सुरू केला. पुण्याच्या निवृत्त मित्रांच्या ग्रुपवर रोज एक गाणं आणि खाली चांगला परिच्छेदभर मजकूर. उत्तर म्हणून गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ'. एकाने विचारलं, "हे वायफायचं बिल कोण भरतं?" सुपरमार्केटमधल्या काउंटरवरच्या मुलाला त्यांनी फोन कानाला लावून ऐकवलं, त्याने घाबरून सॅनिटायझर लावलं. आमच्या हाउसआर्ट्सलासुद्धा सोडलं नाही. त्याने वजन विचारायला फोन केला, तर बाबांनी वजन सांगितलं आणि "वन मिनिट, डॉक्टर" म्हणून फोन स्पीकरसमोर धरला. आफ्रिकेतले सगळे गायक-वादक एकत्र येऊन नेमायला बसले असते तरी असा प्रचारक त्यांना मिळाला नसता, आणि मानधन शून्य.

या सगळ्यात घरात एकच माणूस खूश नव्हता, तो म्हणजे माझा नवरा. संध्याकाळी स्पीकर लागला की हा बेडरूमचं दार लावून घ्यायचा. मी म्हटलं, "अरे, तुझे वडील जेवायला लागलेत, जरा बरं वाटू दे की चेहऱ्याला." तर म्हणाला, "लोक काय म्हणतील?" कुठले लोक? लॉकडाऊनमध्ये आमच्या दारात कुत्रं फिरकत नव्हतं. मग एकदा पोटातलं ओठावर आलं. "आईला जाऊन दीड वर्ष नाही झालं," तो म्हणाला, "आणि ह्यांचे पाय थिरकायला लागले." मी म्हटलं, "मग काय, सती जायला हवं होतं त्यांनी?" तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मला काही विशेष फरक पडला नाही, तशीही त्याची सगळी बोलणी कंपनीशीच चालायची.

तोवर गणपती जवळ आले. मंडळाने ठरवलं की यंदा उत्सव ऑनलाइन. बाबांनी मला हळूच विचारलं, "सूनबाई, तुमच्या त्या कार्यक्रमात मला पंधरा मिनिटं मिळतील का? थोडं निवेदन आणि एक गाणं." सासूबाई गेल्यापासून त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, "मिळतील म्हणजे? घेऊन दाखवते." घेणं सोपं नव्हतं.

आमच्या मंडळाची मीटिंग म्हणजे सगळे आयटीवाले. गणपतीची आरती कुणी म्हणायची यालासुद्धा प्रेझेंटेशन असतं. सांस्कृतिक सचिव म्हणजे जवळच्या उइटहॉर्न गावात राहणाऱ्या, घरामागे बाग असलेल्या बाई. बाग आहे हे त्यांच्या प्रत्येक वाक्यात यायचं. त्या म्हणाल्या, "आफ्रिकन म्हणजे नक्की कसलं? नाही, आमची काही हरकत नाही. पण बाप्पासमोर तसलं..." तसलं म्हणजे कसलं, मी विचारलं. "शब्द कसे असतात कोण जाणे." मी म्हटलं, "मागच्या वर्षी तुम्ही तीन लावण्या बसवल्या होत्या. ते काय विष्णुसहस्रनाम होतं?" दुसरे एक गृहस्थ म्हणाले की त्या लोकांचं संगीत म्हणजे नुसता धांगडधिंगा. हेच गृहस्थ पंधरा दिवसांपूर्वी ग्रुपवर धाय मोकलून रडत होते की घरमालकाने आडनाव ऐकून घर नाकारलं. दिवसा ऑफिसात वंशभेदाविरुद्धचं ट्रेनिंग पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट मिळवायचं आणि संध्याकाळी 'ते लोक' म्हणायचं, हे आमच्या माणसांना अगदी सहज जमतं.

वाद मिटवला तो द हेगच्या एका जाणकार काकांनी. शास्त्रीय संगीतावर त्यांचा शब्द अखेरचा, कारण बाकी कुणाला काही कळत नाही. मी पाठवलेलं गाणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, "हा तर आपला भूप आहे. म्हणजे मूळ आपलंच." झालं! आपलंच म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे उजळले. कार्यक्रमपत्रिकेवर छापूनसुद्धा आलं: 'आफ्रिकेतील भारतीय सुरांचा मागोवा'. बाबांना दाखवलं तर ते म्हणाले, "भूपात पाच स्वर असतात आणि यातही पाच आहेत, खरंय. माझ्या हाताला पाच बोटं आहेत आणि त्या काकांच्याही आहेत. म्हणून त्यांनी माझा हात खिशात घालून न्यायचा का?" पण वेळ मिळाला होता. पंधराऐवजी दहा मिनिटं, लहान मुलांची श्लोकस्पर्धा आणि आरती यांच्या मधली.

बाबांनी तयारी काय केली म्हणता! झब्ब्याला स्वतः इस्त्री. निवेदन तीनदा लिहून तीनदा फाडलं. लेगोसच्या मुलीने जिन्यासमोरच्या जागेत, दीड मीटर लांबून, पाय कसे टाकायचे ते शिकवलं. "गुडघे, डॅडी, गुडघे!" असं ती ओरडायची आणि बाबा म्हणायचे, "नी इज सेव्हंटी फाइव्ह इयर्स ओल्ड." मी दाराच्या फटीतून बघायचे. सासूबाई गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच असं दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मंडळाचं फर्मान आलं. गुढीपाडव्याच्या ऑनलाइन कार्यक्रमात ऐन शांतिपाठाच्या वेळी कुणाच्या तरी कुकरने चार शिट्ट्या मारल्या होत्या. तेव्हा यंदा प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवर, आजूबाजूचा आवाज गाळण्याची जी सोय असते, ती पूर्ण चढवून ठेवायची. न ठेवणाऱ्याला आत घेतलं जाणार नाही. नियम म्हटला की माझा नवरा हळवा होतो. बाबांचा लॅपटॉप त्याने स्वतः तयार केला, ती सोय चढवली, पुन्हा तपासली आणि तसं ग्रुपवर कळवलं. बाबांसाठी त्याने तेवढं केलं म्हणून मला त्याचा जरा पुळकासुद्धा आला होता.

बाबा हॉलमध्ये, शेजारणीचा स्पीकर शेजारी. नवरा स्वयंपाकघरात फोनवर बघत होता आणि मी बेडरूममध्ये लॅपटॉपवर. बाबांचं निवेदन सुरेख झालं. एकदम आटोपशीर. ना मोरी, ना जिना. म्हणाले, "हे संगीत तरुण पोरांनी घरात बसून, साध्या कॉम्प्युटरवर केलेलं आहे. यात आपलं काही शोधू नका. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपण आपली भांडी शोधतो का? आता मी गप्प बसतो. ऐका." निवेदक स्वतःहून गप्प बसतो म्हणाला, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

त्यांनी गाणं लावलं. भिंतीपलीकडून तो ठोका आला, माझ्या टेबलावरचा पेला थरथरला. पडद्यावर बाबांनी चष्मा काढून ठेवला, मागे सरकले आणि गुडघे वाकवून पाय टाकायला लागले. काय सुंदर टाकत होते! माझे डोळे भरून आले. आणि खाली मजकूर यायला लागले. "आवाज येत नाहीये." "काका म्यूटवर आहेत." "म्यूटवर नाहीत." मला कळेना, घर तर दणाणतंय. मी इअरफोन कानात घट्ट बसवले. आणि पलीकडे काय जातंय ते मला ऐकू आलं. काही नाही. शुकशुकाट. त्या शहाण्या सोयीने ढोल, पियानो, ठोका, सगळा कुकरची शिट्टी समजून गाळून टाकला होता आणि फक्त माणसाचा आवाज सोडला होता. पंचाहत्तर वर्षांचा एक म्हातारा कडक इस्त्रीच्या झब्ब्यात, निःशब्द शांततेत, डोळे मिटून नाचतोय आणि मधूनच एकटाच म्हणतोय, "वा! ... आला, आला... नाही आला!"

एवढे आयटीवाले बसलेले, दिवसभर हेच धंदे करणारे, पण एकाच्याही डोक्यात आलं नाही की दोष यंत्रात असेल. सगळ्यांना दोष बाबांतच दिसला. "वहिनी, काका बरे आहेत ना?" "एकटं सोडू नका त्यांना." "माझ्या मामांचंही असंच सुरू झालं होतं." सचिवबाईंनी लिहिलं, "फार वाईट वाटलं. आरती घेऊ या." बाबांना चष्म्याशिवाय यातलं काही दिसत नव्हतं. मी खुर्ची ढकलून उठले, पण माझ्या आधी नवरा पोहोचला होता. मंडळाला दिसलं ते एवढंच, की एक हात आला आणि पडदा काळा झाला.

मी हॉलमध्ये गेले तेव्हा लॅपटॉप मिटलेला होता, स्पीकर बंद होता आणि बाबा धापा टाकत घाम पुसत होते. त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, "काय रे, वेळ संपला का? आवडलं का त्यांना?"

नवरा म्हणाला, "कुणाला काही ऐकूच गेलं नाही, बाबा. गाणं गेलंच नाही पलीकडे. त्यांनी तुम्हाला नुसतं नाचताना बघितलं."

"अरेरे," बाबा म्हणाले. "म्हणजे तो ठोका ऐकलाच नाही कुणी? फुकट गेलं रे!" आपलं हसं झालं हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. मंडळाचं नुकसान झालं म्हणून ते हळहळत होते.

आणि तिथे नवऱ्याचा बांध फुटला. "तुम्हाला लाज नाही वाटत? लोक म्हणतायत, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फिरलं असतं तर मला कमी वाईट वाटलं असतं! आई एवढं गायली आयुष्यभर, तिचं एक गाणं ह्या घरात लागलं नाही. एक नाही! आणि हे... हे रोज! आई गेल्याचं तुम्हाला काही आहे की नाही?"

मी तोंड उघडलं होतं. माझ्याकडे त्याच्यासाठी चांगलं खमंग उत्तर तयार होतं. बाबांनी हाताने मला थांबवलं.

"लाव," ते मुलाला म्हणाले. "तिचं एखादं गाणं लाव. फोनमध्ये असतील की तुझ्या. कुठलंही लाव आणि माझ्यासमोर उभा राहा."

नवऱ्याने फोन हातात घेतला. पडद्याकडे बघत राहिला. त्याचा अंगठा नुसताच वर-खाली होत होता. त्याने काही लावलं नाही.

"नाही ना लावता येत?" बाबा म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता. "मलाही नाही येत. मला येणारं प्रत्येक गाणं तिने म्हटलेलं आहे रे. एक ओळ कानावर आली की ती ओट्याशी उभी दिसते, पदर खोचलेला, आणि मग दिवसभर मला श्वास घेता येत नाही. पण गाण्याशिवाय तरी मी कसा जगू? मला दुसरं येतं काय? ही गाणी तिने कधी ऐकली नव्हती. यात ती कुठेच नाही. म्हणून ऐकवतात."

नवऱ्याने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि बाबांच्या खुर्चीपाशी जमिनीवरच बसला, शाळकरी मुलासारखी मांडी घालून.

"मीही तेव्हापासून काही ऐकलेलं नाही," तो म्हणाला. "काहीच नाही, बाबा."

बाबांनी थोडा वेळ त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग वाकून स्पीकरचं बटण दाबलं.

"नीट बस," ते म्हणाले. "सुरुवातीपासून लावतो."